स्वादुपिंड प्रत्यारोपण आणि मिनेसोटाची नोंदवही

मधुमेहावर शस्त्रक्रियेने उपाय करण्याचा प्रयत्न कोणत्या वाटांनी पुढे सरकला, कोठे अडला आणि पुन्हा कसा उभा राहिला, हे जाणून घेण्यासाठी जी साधने आज उपलब्ध आहेत त्यांत अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या शल्यचिकित्सा विभागातून प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांचे स्थान फार वरचे आहे. जगातील पहिले स्वादुपिंड प्रत्यारोपण १९६६ साली याच विद्यापीठात झाले, आणि १९७०च्या दशकापासून डेव्हिड सदरलँड या शल्यविशारदाने, विभागप्रमुख जॉन नजारियन यांच्यासोबत व पुढे स्वतःच्या नेतृत्वाखाली, या एकाच विषयावर शेकडो निबंध लिहिले किंवा सहकाऱ्यांसह लिहून घेतले. इतके विपुल लेखन करणारे संशोधक इतर शाखांतही आहेत. परंतु सदरलँड यांच्या लेखनात फसलेल्या शस्त्रक्रियांची नोंद यशस्वी शस्त्रक्रियांइतक्याच तपशिलाने केलेली आढळते, आणि स्वादुपिंड प्रत्यारोपणासारखी बदनाम झालेली शस्त्रक्रिया पुन्हा विश्वासास पात्र ठरली ती मुख्यतः या सवयीमुळे, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे.

या इतिहासाची पूर्वपीठिका जर्मनीत सुरू होते. स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पसरलेली ग्रंथी असून तिची कामे दोन आहेत: अन्न पचवणारे तीव्र रस तयार करून ते नलिकेवाटे आतड्यात सोडणे, आणि रक्तातील साखरेवर नियंत्रण ठेवणारी संप्रेरके थेट रक्तात मिसळणे. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या एकवीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या ग्रंथीत विखुरलेल्या, भोवतालच्या पेशींपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांचे वर्णन केले, मात्र त्यांचे कार्य काय असावे याचा निर्णय त्याला करता आला नाही. १८९३ मध्ये फ्रान्समधील लागेस या संशोधकाने त्या पुंजक्यांना लँगरहान्सचेच नाव दिले आणि ती लँगरहान्सची द्वीपके म्हणून ओळखली जाऊ लागली. दरम्यान १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ऑस्कर मिंकोव्हस्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्याला तीव्र मधुमेह होतो हे सिद्ध केले, आणि त्यानंतर मिंकोव्हस्कीने त्याच ग्रंथीचा तुकडा कुत्र्याच्या त्वचेखाली रोवला असता मधुमेह टळतो व तो तुकडा काढताच पुन्हा उद्भवतो हेही दाखवले. प्रत्यारोपणाची सारी कल्पना या प्रयोगात बीजरूपाने आलेली आहे.

ही कल्पना माणसावर आजमावण्यास फार काळ लागला नाही. डिसेंबर १८९३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे डॉक्टर वॉटसन विल्यम्स यांनी मधुमेहाने मरणासन्न झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तीन तुकडे बसवून घेतले. मुलगा तीन दिवसांनी दगावला. पुढच्या वर्षी विल्यम्स यांनी हा सगळा वृत्तांत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला, आणि म्हणूनच इन्शुलिनचा शोध लागण्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी असा प्रयत्न झाला होता हे आज सांगता येते. मधुमेही माणसावरील प्रत्यारोपणाची पहिली नोंद ही अशी एका अपयशाची नोंद आहे.

१९२१-२२ मध्ये टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिओड आणि कॉलिप यांनी इन्शुलिन मिळवून ते रुग्णांना देण्याइतके शुद्ध केले, आणि ज्या आजाराने मुले काही महिन्यांत दगावत त्या आजाराचे रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. ग्रंथी बदलण्याचा विचार त्यामुळे जवळजवळ चाळीस वर्षे मागे पडला. परंतु याच दीर्घायुष्यातून मधुमेहाचे दुसरे रूप पुढे आले: पंधरा-वीस वर्षे इन्शुलिनवर काढलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून दृष्टी जाऊ लागली, हातापायांच्या नसा बधिर होऊ लागल्या. निरोगी स्वादुपिंड रक्तातील साखर क्षणोक्षणी जोखून तेवढ्यापुरते इन्शुलिन सोडते, तर टोचून घेतलेले इन्शुलिन हे अंदाजाने ठरवलेले असते. या दोहोंतील तफावत दिवसाला थोडीच असली तरी दोन दशकांत तिचा परिणाम साचत जातो.

१९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे जोसेफ मरी यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले, आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे हाती आल्यावर १९६०च्या दशकात जुळ्यांच्या बाहेरही मूत्रपिंड प्रत्यारोपण शक्य होऊ लागले. मात्र मूत्रपिंड निकामी झालेल्या मधुमेही रुग्णाला नवे मूत्रपिंड दिले तरी त्याचा मधुमेह तसाच राही. या अडचणीतून डिसेंबर १९६६ मध्ये मिनेसोटात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका स्त्रीला मृत दात्याच्या स्वादुपिंडाचा भाग आणि मूत्रपिंड अशी दोन्ही एकाच वेळी बसवली. सहा दिवस तिला बाहेरून इन्शुलिन लागले नाही. त्यानंतर अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडची मोठी मात्रा आणि बसवलेल्या ग्रंथीचा दाह यांमुळे साखर पुन्हा वाढली, दोन महिन्यांनी दोन्ही अवयव काढावे लागले आणि पुढे तिचा मृत्यू झाला. १९६७ मध्ये ‘सर्जरी’ या नियतकालिकात आलेल्या निबंधात हा क्रम आहे तसा मांडलेला आहे. १९७३ पर्यंत मिनेसोटात अशा चौदा शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक अवयव टिकले नाहीत, आणि काम थांबले. मूत्रपिंडाच्या तुलनेत स्वादुपिंडाचे आकडे इतके वाईट होते की ही शस्त्रक्रिया करूच नये असे मत असणे तेव्हा स्वाभाविक होते.

सदरलँड यांचे लेखन या खंडाच्या काळात सुरू होते, आणि त्याची सुरुवात पूर्ण ग्रंथीपासून नसून द्वीपकांपासून होते. रुग्णाला हवी असतात ती केवळ इन्शुलिन स्रवणारी द्वीपके, आणि ती ग्रंथीच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतात. तेव्हा पचनरस बनवणारा उरलेला भाग, जो सगळ्या गुंतागुंतीचे मूळ आहे, तो वगळून फक्त द्वीपके दिली तर मोठी शस्त्रक्रियाच टळेल, हा यामागचा विचार होता. वॉर्सात मॉस्कालेव्हस्की यांनी १९६५ मध्ये कोलॅजिनेज या ऊतक विरघळवणाऱ्या विकराने गिनीपिगची द्वीपके सुटी केली होती, १९६७ मध्ये सेंट लुईस येथे पॉल लेसी आणि मेरी कोस्तियानोव्हस्की यांनी उंदरांवर ती पद्धत सुधारली होती, आणि त्यांच्या द्वीपकांनी उंदरांचा मधुमेह आटोक्यात येतो हेही दिसले होते. मिनेसोटात १९७४ पासून माणसांवर प्रयत्न झाले आणि १९७७ मध्ये सात रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला: इन्शुलिनची गरज काहींत कमी झाली, पण एकाचीही सुटली नाही. त्याच वर्षी सदरलँड आणि नजारियन यांनी दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाच्या असह्य वेदनांनी ग्रासलेल्या रुग्णाचे स्वादुपिंड काढून त्यातील त्याचीच द्वीपके त्याच्या यकृतात सोडली. स्वतःच्या पेशी असल्यामुळे त्या नाकारल्या जाण्याचा प्रश्न नव्हता, आणि अशी द्वीपके यकृतात रुजून काम करतात हे सिद्ध झाल्याने दोष द्वीपकांचा किंवा जागेचा नसून प्रतिकारशक्तीचा व अपुऱ्या संख्येचा आहे, हा मोठा उलगडा झाला.

द्वीपकांनी निराशा केल्यावर सदरलँड १९७८ मध्ये पुन्हा ग्रंथीकडे वळले, आणि येथून या शाखेच्या लेखनातील सर्वांत समृद्ध प्रकरण सुरू होते. त्याचा विषय वरकरणी क्षुल्लक वाटतो: पचनरसाच्या नलिकेचे काय करायचे. मूत्रपिंडाची नलिका मूत्राशयाला जोडली की काम भागते, परंतु स्वादुपिंडाचा रस मांस पचवू शकतो, आणि टाक्यांतून तो झिरपला तर रुग्णाच्या पोटातील ऊतकेच पचू लागतात. फ्रान्समधील लियाँ येथे दुबेर्नार यांनी १९७८ मध्ये नलिकेत घट्ट होणारे कृत्रिम रबरासारखे द्रव्य भरून ती कायमची बुजवण्याचा मार्ग सुचवला; त्याने गळती थांबली, पण बुजलेली ग्रंथी कालांतराने तंतुमय होत जाई. मिनेसोटात काही काळ नलिका उघडीच ठेवून रस उदरपोकळीत शोषला जाऊ देण्याचा प्रयोगही झाला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस विस्कॉन्सिनमधील हान्स सोलिंगर यांनी स्वादुपिंडाचा रस मूत्राशयात सोडण्याची पद्धत आणली, आणि १९८७ मध्ये आयोवातील एनगीम व कॉरी यांनी ग्रंथीसोबत आद्यांत्राचा, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाचा, तुकडा घेऊन तो मूत्राशयाला जोडण्याचे तंत्र मांडले, ज्यामुळे टाके सुरक्षित झाले.

मूत्राशयाच्या या पद्धतीत एक अनपेक्षित लाभ होता. स्वादुपिंडातील अमायलेज हे विकर आता लघवीत येऊ लागले, आणि शरीर अवयव नाकारू लागले की लघवीतील अमायलेज रक्तातील साखर वाढण्याच्या आधीच घसरे. साखर वाढेपर्यंत थांबले तर बहुतेक द्वीपके गेलेली असत, आता मात्र उपचाराला वेळ मिळू लागला. याची किंमत रुग्णाला मोजावी लागे, कारण रसातील बायकार्बोनेट हा क्षार लघवीवाटे सतत वाहून गेल्याने रक्त आम्लधर्मी होई, मूत्राशयाचा दाह होई, लघवीतून रक्त जाई, आणि अनेकांवर नंतर दुसरी शस्त्रक्रिया करून जोड आतड्याला द्यावा लागे. १९९०च्या दशकात टॅक्रोलिमससारखी प्रभावी औषधे आली, अवयव नाकारले जाण्याचे प्रमाण घटले, अमायलेजच्या इशाऱ्यावर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली आणि बहुतेक केंद्रे आतड्याला जोड देण्याच्या जुन्या, नैसर्गिक मार्गाकडे परतली. लिलेहाय यांनी १९६०च्या दशकातच आतड्याचा मार्ग वापरला होता. ज्या तंत्राचा वाईट अनुभव आलेला असतो तेच तंत्र औषधे बदलल्यावर योग्य ठरू शकते, हे उमगण्यासाठी जुन्या अपयशाची कारणे लिहून ठेवलेली असावी लागतात. येथे ती होती.

जिवंत दात्याकडून स्वादुपिंडाचा अर्धा भाग घेण्याची पहिली शस्त्रक्रिया १९७९ मध्ये मिनेसोटात झाली, आणि तिच्यातून या शाखेतील कदाचित सर्वांत महत्त्वाचा जीवशास्त्रीय निष्कर्ष निघाला. काही रुग्णांना त्यांच्या एकबीज, म्हणजे अनुवंशाने तंतोतंत सारख्या, जुळ्या भावंडाने अर्धे स्वादुपिंड दिले. जुळ्याचा अवयव शरीर परका मानत नाही, म्हणून सुरुवातीच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली नव्हती. अवयव नाकारला गेला नाही, पचनरसाच्या पेशी शाबूत राहिल्या, ग्लुकॅगॉन तयार करणाऱ्या शेजारच्या पेशीही शाबूत राहिल्या. पण काही आठवड्यांतच मधुमेह परतला, आणि बायॉप्सीत असे दिसले की पांढऱ्या पेशींनी द्वीपकांना वेढून त्यांतील केवळ इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी निवडून मारल्या होत्या. वीसेक वर्षांपूर्वी त्या रुग्णाच्या स्वतःच्या ग्रंथीत जे घडले असावे ते येथे डोळ्यांदेखत पुन्हा घडले. पहिल्या प्रकारचा मधुमेह हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच पेशींवर केलेला हल्ला आहे, आणि त्या हल्ल्याची स्मृती दशकानुदशके टिकते, याचा माणसातील इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच असेल. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध शल्यचिकित्सेच्या दृष्टीने अपयशाचा अहवाल आहे. मधुमेहाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने तो पायाभूत लेख ठरला. त्यानंतरच्या जुळ्यांना पुरेशी औषधे दिल्यावर मधुमेहाची पुनरावृत्ती टळली.

दात्यांचे काय झाले हेही याच गटाने तपासले, आणि १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या निबंधात अर्धे स्वादुपिंड दिलेल्या निरोगी माणसांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाची साखर पचवण्याची क्षमता वर्षभरात बिघडल्याचे नमूद केले. स्वतःच्याच पद्धतीविरुद्ध जाणारा असा निष्कर्ष छापण्यास जी सचोटी लागते तिचा उल्लेख या इतिहासात अवश्य व्हायला हवा. त्यानंतर दात्यांची निवड कडक झाली आणि जिवंत दात्यांचा मार्ग अपवादापुरता उरला.

१९८० मध्ये सदरलँड यांनी आंतरराष्ट्रीय स्वादुपिंड प्रत्यारोपण रजिस्ट्री, म्हणजे जगभरातील अशा शस्त्रक्रियांची मध्यवर्ती नोंदवही, मिनेसोटात सुरू केली. १९६६ पासूनची प्रत्येक ज्ञात शस्त्रक्रिया तीत मागाहून नोंदवली गेली, आणि पुढे अँजेलिका ग्रूसनर यांनी अनेक वर्षे तिचे सांख्यिकी विश्लेषण सांभाळले. एकेका रुग्णालयात वर्षाला पाच-दहा शस्त्रक्रिया होत असताना कोणते तंत्र खरोखर चांगले हे एकट्यादुकट्याला कळणे अशक्य असते. शिवाय आपले यश छापण्याची आणि अपयश कपाटात ठेवण्याची प्रवृत्ती सर्वत्र असते, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद मागणाऱ्या रजिस्ट्रीने त्या प्रवृत्तीला बऱ्याच अंशी आळा घातला. २०१० अखेर या नोंदवहीत पस्तीस हजारांहून अधिक प्रत्यारोपणे होती. २०११ च्या सुमाराच्या विश्लेषणानुसार मूत्रपिंडासह बसवलेली ८६ टक्के स्वादुपिंडे एक वर्षानंतर कार्यरत होती, आधी मूत्रपिंड व नंतर स्वादुपिंड घेतलेल्यांत हे प्रमाण ८० टक्के, आणि केवळ स्वादुपिंड घेतलेल्यांत ७८ टक्के होते. मिनेसोटाचा स्वतःचा हिशेब सदरलँड यांनी २००१ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’त दिला: डिसेंबर १९६६ ते मार्च २००० या काळातील १,१९४ प्रत्यारोपणे, त्यांपैकी १११ जिवंत दात्यांकडून आणि १९१ दुसऱ्यांदा किंवा त्याहून अधिक वेळा केलेली. लिलेहाय यांच्या काळातील शस्त्रक्रियाही या हिशेबात धरलेल्या आहेत.

मात्र कार्यरत कशाला म्हणायचे हाच वादाचा मुद्दा होता. मूत्रपिंड निकामी झाले की रुग्ण डायलिसिसवर जातो आणि निकष स्पष्ट राहतो, पण स्वादुपिंड अर्धवट काम करू शकते. रुग्णाला थोडे इन्शुलिन लागते, तरी त्याच्या रक्तात सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः इन्शुलिन बनवताना सुटणारा अंश, सापडतो. अशा रुग्णाला काही केंद्रे यशस्वी मानत, काही मानत नसत. द्वीपकांच्या बाबतीत ही अडचण आणखी तीव्र होती. अमेरिकेतील अवयववाटप यंत्रणेने २०१८ मध्ये, शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला अर्ध्या युनिटइतके किंवा अधिक इन्शुलिन सलग नव्वद दिवस लागल्यास अवयव निकामी समजावा, असा एकसमान निकष लागू केला. ऑस्ट्रियातील इग्ल्स येथे २०१७ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी ग्रंथी व द्वीपके या दोहोंसाठी चार पायऱ्यांचे समान निकष आखले. पहिल्या प्रत्यारोपणानंतर अर्धशतकाने हे घडावे, ही या शाखेतील एक उणीवच म्हणावी लागेल.

स्वादुपिंड प्रत्यारोपणाचा खरा हेतू साखर कमी करणे हा नसून अवयव वाचवणे हा होता, आणि तो साधतो का याचे उत्तर देणारा निबंध १९९८ चा आहे. पाओला फियोरेत्तो, मायकेल मॉअर, सदरलँड आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंड न बदलता केवळ स्वादुपिंड बसवलेल्या आठ रुग्णांच्या स्वतःच्या मूत्रपिंडांच्या बायॉप्सी शस्त्रक्रियेपूर्वी, पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी घेतल्या. मधुमेहात मूत्रपिंडातील गाळणीच्या केशवाहिन्यांचा आधारपडदा जाड होत जातो. पाच वर्षे साखर पूर्ण प्राकृत राहूनही तो पडदा पूर्वीइतकाच, पाचशे सत्तर ते सहाशे नॅनोमीटरच्या आसपास, जाड होता. याच टप्प्यावर अभ्यास थांबला असता तर प्रत्यारोपणाने मूत्रपिंडाची हानी भरून येत नाही असा निष्कर्ष ग्रंथांत कायम झाला असता. दहा वर्षांनी तो ४०४ नॅनोमीटरपर्यंत उतरला, आणि गाठीसारखे झालेले व्रणही काही रुग्णांत विरले. वर्षानुवर्षे साचत गेलेल्या व्याधीला मागे फिरण्यासही पाच वर्षांहून अधिक काळ लागतो, ही या आठ रुग्णांची साक्ष आहे. त्यांना दहा वर्षे न सोडता तपासत राहणाऱ्या संशोधकांच्या चिकाटीला या शाखेच्या इतिहासात तोड सापडणे कठीण आहे.

मोजणीच्या पद्धतीवरून एकदा या शस्त्रक्रियेचे अस्तित्वच पणाला लागले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,४४१ रुग्णांच्या डीसीसीटी या अमेरिकी अभ्यासाने काटेकोर इन्शुलिन उपचाराने दृष्टी, मूत्रपिंड व नसा यांची हानी लक्षणीय घटते हे दाखवले होते, जरी त्यासोबत साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. तेव्हा मूत्रपिंड चांगले असलेल्या मधुमेह्याने आयुष्यभर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे का घ्यावीत, हा प्रश्न रास्त होता. २००३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ११,५७२ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला निबंध आला, आणि केवळ स्वादुपिंड घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण प्रतीक्षायादीवर थांबलेल्यांपेक्षा अधिक असल्याचा निष्कर्ष त्याने काढला. पुढच्याच वर्षी मिनेसोटाच्या गटाने तीच मूळ नोंद पुन्हा तपासली; एकाहून अधिक केंद्रांच्या यादीत नाव असलेले रुग्ण अनेकवार मोजले गेल्याचे त्यांनी दाखवून दिले, आणि अशा नोंदी दुरुस्त करून मृत्यूंची माहिती पूर्ण केल्यावर तो फरक उरत नसल्याचे मांडले. ज्यांचा या शस्त्रक्रियेशी संबंध आहे त्यांनीच केलेली ही फेरतपासणी असल्याने तिच्याकडे सावधपणे पाहणे योग्यच होते, पण दुरुस्तीचा मुद्दा वाजवी होता. तरीही २००४ नंतर अमेरिकेतील स्वादुपिंड प्रत्यारोपणांची संख्या उतरणीला लागली, कारण इन्शुलिन पंप आणि साखरेचे सतत मापन करणारी उपकरणे यांनी पर्याय सुधारला होता.

द्वीपकांचा मार्ग दरम्यान मंदगतीने चालू होता. १९८८ मध्ये कामिल्लो रिकॉर्दी यांनी मानवी ग्रंथीतून द्वीपके वेगळी करण्याचे यंत्र वर्णन केले: विकर भरलेली ग्रंथी गोळ्या असलेल्या पोलादी पात्रात ठेवून उबदार द्रावणात हलवत राहायची, सुटलेले कण सतत बाहेर काढून घ्यायचे, आणि मग घनतेनुसार द्वीपके वेगळी करायची. डायथायझोन हे रंगद्रव्य घातले की द्वीपकांतील जस्तामुळे ती गडद लाल दिसतात आणि पिवळसर पचनपेशींच्या गर्दीत सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. इतके होऊनही १९९० नंतरच्या २६७ द्वीपक प्रत्यारोपणांपैकी जेमतेम ८ टक्क्यांमध्ये रुग्ण वर्षभराहून अधिक इन्शुलिनविना राहिला होता. जुलै २००० मध्ये कॅनडातील एडमंटन येथून जेम्स शापिरो व सहकाऱ्यांचा निबंध न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला तेव्हा त्यात सात रुग्ण होते आणि सातही इन्शुलिनमुक्त होते. द्वीपकांना मारक ठरणारी स्टेरॉइड वगळून दुसरी औषधे वापरणे आणि प्रत्येक रुग्णाला दोन किंवा अधिक दात्यांची द्वीपके देणे, ही या यशाची दोन कारणे होती. यातील रोपण म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेत त्वचेतून सुई घालून द्वीपकांचे द्रावण हळूहळू सोडणे, एवढेच असते.

जगभर उत्साहाची लाट आली, आणि त्या उत्साहाचे खरे मोलही पुढच्या निबंधांनीच ठरवले. एडमंटनच्या गटाने २००५ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले की पाच वर्षांनी सुमारे १० टक्के रुग्णच इन्शुलिनविना राहतात. २००६ च्या नऊ केंद्रांच्या अभ्यासात छत्तीसांपैकी सोळा जण वर्षाअखेर इन्शुलिनमुक्त होते आणि त्यांतील पाचच दोन वर्षांनी तसे राहिले. मात्र बहुतेकांच्या द्वीपकांचे कार्य अंशतः टिकले, आणि साखर अचानक उतरून पूर्वसूचनेविना बेशुद्ध पडण्याचा धोका जवळजवळ नाहीसा झाला. त्यामुळे उद्दिष्टच बदलले: २०१६ मध्ये मिनेसोटातील बर्नहार्ड हेरिंग यांच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध झालेल्या ४८ रुग्णांच्या चाचणीत इन्शुलिनमुक्तीऐवजी साखरेचे चांगले नियंत्रण आणि अशा धोकादायक प्रसंगांपासून सुटका हा यशाचा निकष धरला गेला, आणि वर्षाअखेर ८७.५ टक्के रुग्णांनी तो गाठला.

या इतिहासाशी महाराष्ट्र आणि गोव्याचा दुवा कायद्याच्या बाजूने येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांच्या पथकाने १९६५ मध्येच मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न केला होता, परंतु हृदय चालू असलेल्या मेंदूमृत दात्याला कायद्याची मान्यता नसताना स्वादुपिंडासारखा नाजूक, रक्तपुरवठा तुटताच खराब होऊ लागणारा अवयव मिळणे जवळजवळ अशक्य होते. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ४ फेब्रुवारी १९९५ रोजी पहिल्या टप्प्यात ज्या तीन राज्यांत लागू झाला त्यांत हिमाचल प्रदेशासोबत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन होती. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतकांचा समावेश केला आणि दाते व प्राप्तकर्ते यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली. स्वादुपिंडाच्या बाबतीत जगाने जे तीस वर्षे आधी केले होते ते सर्व अवयवांसाठी कायद्याने बंधनकारक करण्याचा हा विचार होता, आणि तो योग्य होता.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मृत दात्याच्या द्वीपकांपासून केलेल्या डोनिस्लेसेल या उपचाराला मान्यता दिली तेव्हा तिचा आधार तीस रुग्णांचा होता: पाच जण एक दिवसही इन्शुलिनविना राहू शकले नाहीत, अकरा जण एक ते पाच वर्षे राहिले, दहा जण पाच वर्षांहून अधिक. या निर्णयाला प्रत्यारोपण क्षेत्रातूनच विरोध झाला, कारण द्वीपके हा औषधनिर्मितीचा माल नसून अवयव आहे आणि त्यावर अवयववाटपाचीच देखरेख व नोंद हवी, असे रिकॉर्दी यांच्यासह अनेक तज्ज्ञांचे म्हणणे होते. दात्यांच्या टंचाईवर मूलपेशींपासून, म्हणजे कोणत्याही प्रकारच्या पेशीत रूपांतर होऊ शकणाऱ्या आदिपेशींपासून, प्रयोगशाळेत वाढवलेल्या द्वीपकांचा उपाय शोधला जात असून २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या अहवालात पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जण वर्षाअखेर इन्शुलिनविना होते. एडमंटनच्या सात रुग्णांचे आकडेही पहिल्या वर्षी असेच उजळ होते. म्हणून या बारा जणांचे पाचव्या आणि दहाव्या वर्षीचे निबंध येईपर्यंत, आणि त्यांत गळालेल्या रुग्णांचाही हिशेब दिला जाईपर्यंत, मूलपेशींच्या द्वीपकांना ग्रंथीच्या किंवा दात्याच्या द्वीपकांच्या पंक्तीत बसवता येणार नाही.